झोपेत कुत्रा पाय झाडतो, विव्हळतो : त्याला उठवावे का?

रात्रीचे अकरा वाजले आहेत. तुमचा कुत्रा हॉलमध्ये सतरंजीवर एका कुशीवर गाढ झोपला आहे. अचानक त्याचे पंजे हलू लागतात, मिशा थरथरतात, मिटलेल्या तोंडातून दबके भुंकणे ऐकू येते आणि मग बारीक आवाजात विव्हळणे सुरू होते. आजी म्हणतात, "कुत्रं रडतंय, चांगलं लक्षण नाही, उठवा त्याला." धाकटी मुलगी त्याला कुशीत घ्यायला धावते. तुम्हाला मात्र वेगळीच शंका येते : ही फिट तर नाही?

पशुवैद्यकाच्या दवाखान्यात असे मोबाइलवरचे व्हिडिओ आम्हाला वरचेवर दाखवले जातात. त्यातले बहुतेक निव्वळ स्वप्नाचे असतात. काही थोडे खरोखर आकडीचे निघतात. आणि काही वेळा कुत्र्याला काहीच झालेले नसते, पण त्याला हलवून उठवायला गेलेल्या मुलाच्या गालाला दात लागलेले असतात. म्हणून हा विषय कुत्र्याच्या आरोग्याइतकाच तुमच्या घरातल्या माणसांच्या आरोग्याचाही आहे.

उत्तर आधी सांगतो. स्वप्न पाहणाऱ्या कुत्र्याला उठवू नका. उठवणे भागच असेल तर दुरून, नावाने हाक मारून उठवा, हात लावून नाही. आणि हालचाल आकडीची वाटत असेल तर पुढे दिलेली लक्षणे पाहून वेळ न घालवता पशुवैद्यकाला गाठा.

कुत्र्याची झोप कशी असते?

आपल्याकडे विद्यार्थ्याच्या लक्षणांत ‘श्वाननिद्रा’ सांगितली जाते. म्हणजे सावध, जराशा आवाजाने मोडणारी झोप. हे निरीक्षण खरे आहे, पण अर्धेच. कुत्रा दिवसभरात अनेक छोट्या डुलक्या घेतो आणि त्या वेळी त्याचे कान जागे असतात. मात्र यांच्या अधूनमधून तो खरोखर गाढही झोपतो. मोठा, निरोगी कुत्रा चोवीस तासांत साधारण 12 ते 14 तास झोपतो. लहान पिल्ले आणि म्हातारे कुत्रे त्याहून जास्त झोपतात.

माणसाप्रमाणेच कुत्र्याच्या झोपेतही टप्पे असतात. आधी हलकी झोप, मग संथ श्वासाची गाढ झोप आणि त्यानंतर आरईएम झोप. आरईएम म्हणजे रॅपिड आय मूव्हमेंट. या टप्प्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, श्वास अनियमित होतो आणि मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच कामात असतो. माणसाच्या झोपेतला हा टप्पा 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी प्रसिद्ध केला. या टप्प्यात उठवलेली माणसे बहुधा "स्वप्न पडत होतं" असे सांगतात. माणसाच्या झोपेचे एक चक्र सुमारे 90 मिनिटांचे असते. कुत्र्याची चक्रे त्याहून लहान असतात, त्यामुळे झोप लागल्यावर थोड्याच वेळात पंजे हलू लागलेले दिसतात.

कुत्र्याला खरेच स्वप्न पडते का?

कुत्रा उठून स्वप्न सांगू शकत नाही, त्यामुळे पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो. तो बऱ्यापैकी भक्कम आहे.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी उंदरांना एका मार्गावर पळायला शिकवले आणि त्या वेळी मेंदूतील पेशी कोणत्या क्रमाने काम करतात याची नोंद घेतली. नंतर उंदीर आरईएम झोपेत असताना तोच क्रम पुन्हा उमटलेला दिसला. दिवसभरातली धाव झोपेत पुन्हा चालू होती. हे संशोधन 2001 मध्ये प्रसिद्ध झाले.

हंगेरीतील बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या डोक्यावर वेदना न देणारे सेन्सर लावून झोपेतल्या मेंदूलहरी मोजल्या. ‘बस’, ‘झोप’ अशा ज्या आज्ञा कुत्र्यांना हंगेरियन भाषेत माहीत होत्या, त्याच त्यांना इंग्रजी शब्दांत शिकवल्या गेल्या. शिकल्यानंतरच्या झोपेत मेंदूलहरींमध्ये बदल दिसला आणि झोपेनंतर नवे शब्द अधिक चांगले लक्षात राहिल्याचेही आढळले. म्हणजे कुत्र्याची झोप ही नुसती विश्रांती नाही, शिकलेले पक्के करण्याची ती वेळ आहे. ती विनाकारण मोडू नये याचे हे पहिले कारण.

अंग का हलते?

आरईएम झोपेत मेंदू पळण्याचे, भुंकण्याचे आदेश देत असतो. पण मेंदूच्या खालच्या भागातून, म्हणजे मेंदूस्तंभातून, मज्जारज्जूकडे ‘हलू नका’ असा संदेशही जात असतो. त्यामुळे हातापायांचे स्नायू ढिले पडतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात. फ्रान्समधील शास्त्रज्ञ मिशेल जुवे यांनी मांजरांवर प्रयोग करताना मेंदूस्तंभातील हा भाग निकामी केला, तेव्हा मांजरे झोपेतच उठून दबा धरू लागली, झडप घालू लागली.

निरोगी कुत्र्यात हा ब्रेक शाबूत असतो, पण पूर्ण घट्ट नसतो. मधूनच एखादा आदेश निसटतो आणि पंजा उडतो, शेपटी आपटते, ओठ फडफडतो. पिल्लांमध्ये ही यंत्रणा अजून पिकलेली नसते, म्हणून त्यांचे अंग जास्त उडते. नुकतीच जन्मलेली पिल्ले तर झोपेत सतत चुळबुळतात, आणि ते त्यांच्या तब्येतीचे चांगले लक्षण आहे. अगदी निपचित पडून राहणारे, दूध न ओढणारे पिल्लू हीच खरी काळजीची गोष्ट.

नेहमीच्या, निरुपद्रवी हालचाली अशा असतात :

- पंजे, मिशा, कान, पापण्या थरथरणे
- पळत असल्यासारखे पाय थोडा वेळ हलणे
- तोंड मिटून भुंकणे, कुंकूं करणे, हलके गुरगुरणे
- चाटल्यासारखी किंवा दूध ओढल्यासारखी तोंडाची हालचाल
- श्वास थोडा वेळ जलद होणे आणि पुन्हा संथ होणे

झोपेत विव्हळणे हा अपशकुन नाही आणि रेबीजचे लक्षणही नाही. रेबीज झालेल्या कुत्र्यात जागेपणीच फरक दिसतो : स्वभाव अचानक बदलणे, आवाज बदलणे, गिळता न येणे, लाळ गळणे, पाय लुळे पडणे.

मग उठवावे का?

शक्यतो नाही. स्वप्न कसेही असले तरी ते काही सेकंदांत, फार तर एखाद-दोन मिनिटांत सरते. बरेच कुत्रे मध्येच थांबतात, कूस बदलतात आणि पुन्हा झोपतात.

न उठवण्याचे दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण सुरक्षिततेचे आहे. गाढ झोपेतून दचकून उठलेल्या कुत्र्याला समोर कोण आहे हे कळायला क्षणभर लागतो. त्या क्षणी तो आधी स्वतःचा बचाव करतो. यात राग नाही की बेइमानी नाही. वर्षानुवर्षे कोणालाही न दुखावलेला कुत्राही असा चावू शकतो. म्हाताऱ्या, ऐकू न येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या, सांधेदुखी असलेल्या आणि रस्त्यावरून नुकत्याच घरी आणलेल्या कुत्र्यांत ही शक्यता जास्त असते.

खूप वेळ विव्हळतो आहे, तुम्हाला बघवत नाही किंवा औषधाची वेळ झाली आहे, तर असे उठवा :

- दोन-तीन पावले लांब उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारा.
- उत्तर नाही आले तर खाण्याचे भांडे वाजवा किंवा दिवा लावा.
- ऐकू येत नसलेल्या कुत्र्याजवळ जमिनीवर पाय आपटा. कंपने त्याला जाणवतात. किंवा आवडीचा खाऊ लांबूनच नाकाजवळ सरकवा.
- डोळे उघडल्यावर लगेच जवळ जाऊ नका. तो ओळखून शेपटी हलवेल तेव्हाच हात लावा.
- त्याला हलवणे, त्याच्यावर वाकणे, मिठी मारणे, तोंडाजवळ तोंड नेणे पूर्णपणे टाळा.

स्वप्न की आकडी?

ही शंका असेल तर पुढील गोष्टी बघा.

स्वप्नात डोळे बहुधा मिटलेले असतात. अंग ढिले असते आणि हालचाली अधूनमधून, विस्कळीत होतात. हाक मारली की कुत्रा उठतो आणि उठल्यावर लगेच नेहमीसारखा वागतो.

आकडीत अंग ताठ होते, मान मागे जाऊ शकते. त्यानंतर पाय जोराने, एका लयीत हलत राहतात. जबडा चघळल्यासारखा चालतो, तोंडाला फेस येतो. डोळे बऱ्याचदा उघडे असतात, पण नजर कुठेच लागत नाही. लघवी किंवा शी होऊ शकते. कितीही हाका मारल्या तरी तो भानावर येत नाही. आकडी थांबल्यावरही काही मिनिटे, कधी काही तास तो गोंधळलेला राहतो. भिंतीला धडकतो, घरभर फिरतो, माणसे ओळखत नाही.

आकड्या झोपेतून किंवा विश्रांतीच्या वेळीही येतात. त्यामुळे ‘झोपेत होते म्हणजे स्वप्नच’ असे धरून चालू नका.

आकडी आली असे वाटले तर :

1. घड्याळ बघा. किती वेळ चालली हे पशुवैद्यकाला सर्वांत आधी लागते.
2. दुसऱ्या कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा.
3. टेबल, खुर्ची, पाण्याचे भांडे बाजूला करा. पलंगावर किंवा जिन्याजवळ असेल तर पडणार नाही एवढे पाहा.
4. तोंडात हात, चमचा, कापड काही घालू नका. पाणी पाजू नका. कुत्रा जीभ गिळत नाही, पण बेभान अवस्थेत तुमचे बोट चावू शकतो.
5. नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. त्याने आकडी थांबत नाही, तुमचा हात मात्र जबड्याजवळ जातो.
6. पंखा लावा, दिवे मंद करा, टीव्ही बंद करा.

आकडी 5 मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा 24 तासांत दोन किंवा अधिक आकड्या आल्या, तर ती आणीबाणी समजा आणि कुत्र्याला लगेच दवाखान्यात न्या. आकडी एकदाच येऊन थांबली असली तरी तपासणी हवीच.

इतर काही कारणेही लक्षात ठेवा. डिस्टेंपर झालेल्या कुत्र्यात ठरावीक स्नायू सतत उडत राहतो, झोपेतही आणि जागेपणीही. लसीकरण न झालेल्या पिल्लांत याचा विचार आधी करावा लागतो. पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुत्रीला थरथर, धाप आणि अस्वस्थता असेल तर कॅल्शियम घटलेले असू शकते, आणि त्याला तातडीचे उपचार लागतात. अगदी छोट्या जातीच्या पिल्लांत उपाशी राहिल्याने साखर उतरूनही अंग थरथरते.

झोपमोड झालेला कुत्रा चावला तर

इथे सर्वांत मोठी चूक होते. "आपलाच कुत्रा आहे, घरातच असतो, लसही दिली आहे, थोडंसं तर लागलंय." या चार वाक्यांवर उपचार टाळले जातात. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की तो जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. वेळेवर उपचार घेतले तर मात्र तो टाळता येतो. म्हणून :

- जखम लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटे धुवा. हा उपचाराचाच भाग आहे. मूल रडत असले तरी ही 15 मिनिटे कमी करू नका. चेहऱ्यावर जखम असेल तर डोळ्यांत साबण जाणार नाही असे धुवा.
- जखमेवर हळद, तिखट, चुना, तेल, कॉफी पावडर लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका.
- त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.
- त्वचा भेदून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत व भोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. चेहरा, डोके, मान, हात या ठिकाणच्या जखमा अधिक धोक्याच्या असतात.
- स्नायूतून दिल्या जाणाऱ्या लसीचे वेळापत्रक 0, 3, 7, 14 आणि 28 वा दिवस असे असते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे 0, 3, 7 आणि 28 वा दिवस. पहिला डोस घेतला तो ‘0’ दिवस. मधला डोस चुकवू नका.
- पूर्वी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा. अशा वेळी सहसा 0 आणि 3 या दिवशीचे दोन डोस पुरतात.
- धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, तेही विचारा.

कुत्र्याला 10 दिवस घरीच नजरेखाली ठेवा. तो या काळात पूर्ण निरोगी राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे धरता येते आणि पुढचे डोस थांबवायचे का हे डॉक्टर ठरवतात. पण हे 10 दिवस वाट पाहून मग उपचार सुरू करायचे नसतात. उपचार आधी सुरू करायचे, निरीक्षण सोबत चालू ठेवायचे.

चावल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. तो दचकला होता. त्याला मारले तर पुढच्या वेळी तो आधीच बिथरलेला असेल.

घरासाठी काही साधे नियम

- कुत्र्याचे अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवर, दाराच्या तोंडाशी किंवा मुले खेळतात तिथे नको. कोपऱ्यातली शांत जागा द्या.
- मुलांना एकच वाक्य शिकवा : "झोपलेल्या, जेवणाऱ्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही."
- रांगणारे मूल आणि झोपलेला कुत्रा यांना एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय ठेवू नका.
- आजी-आजोबा रात्री बाथरूमला उठतात, त्या वाटेवर मंद दिवा ठेवा. अंधारात कुत्र्यावर पाय पडणे दोघांनाही महागात पडते.
- सोसायटीच्या जिन्याखाली किंवा गाडीखाली झोपलेल्या भटक्या कुत्र्यालाही हाच नियम. गाडी सुरू करण्याआधी खाली बघा, लांबून आवाज करा आणि त्याला उठायला वेळ द्या.

हे माणसांतही होते

स्वप्नातली हालचाल रोखणारा तोच ब्रेक माणसातही असतो आणि तो बिघडूही शकतो. घरातील एखादी व्यक्ती, विशेषतः पन्नाशीनंतर, झोपेत ओरडते, लाथा-बुक्क्या मारते, पलंगावरून पडते आणि उठल्यावर "कोणीतरी मागे लागलं होतं" असे सांगते का? याला आरईएम झोपेतील वर्तनविकार म्हणतात. कधी कधी तो पार्किन्सनसारख्या आजाराच्या कित्येक वर्षे आधी दिसू लागतो. काही औषधांमुळेही असे होऊ शकते. थट्टेवारी न नेता न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. उपचार उपलब्ध आहेत. अशा व्यक्तीलाही हलवू नका, लांबूनच नावाने हाक मारा.

कुत्र्यांमध्येही क्वचित असा विकार आढळतो. कुत्रा झोपेतच उठून पळत असेल, भिंतीवर आदळत असेल, वस्तू चावत असेल तर ते साधे स्वप्न नव्हे. व्हिडिओ काढून पशुवैद्यकाला दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज स्वप्न पडते, काही औषध द्यावे का?
नाही. कुत्रा दिवसा खातो, खेळतो, ताजातवाना असतो, तर कोणतेही औषध लागत नाही. माणसांच्या झोपेच्या गोळ्या तर कधीच देऊ नका.

कुत्रा मुलाच्या अंथरुणात झोपतो. चालेल का?
लहान मुलासोबत नको. मूल झोपेत कूस बदलते, कुत्र्यावर हात-पाय पडतो आणि दोघेही झोपेत असतात. कुत्र्याचे अंथरूण त्याच खोलीत, पण वेगळे ठेवा.

म्हातारा कुत्रा रात्री उठून विनाकारण भुंकतो, ते स्वप्न का?
तो पूर्ण जागा असेल, कोपऱ्यात अडकत असेल, रात्र-दिवस उलटे झाले असतील तर ते स्वप्न नसून वयानुसार येणारा स्मृतिभ्रंश, दुखणे किंवा कमी दिसणे असू शकते. तपासून घ्या.

आज रात्री तुमचा कुत्रा झोपेत पळू लागला तर आधी त्याचे डोळे आणि अंग बघा. डोळे मिटलेले, अंग ढिले आणि हालचाल तुटक असेल तर दिवा बंद करा आणि आपणही झोपा. मुलीला सांगा, तो उठला की सकाळी लाड करू.